'इन एक्स्चेंज फॉर ॲन ऑनेस्ट रिव्ह्यू' मराठीत कसं लिहायचं?

पानवाचक: पुस्तक-परिचयाखाली टाकायची एक ओळ अडली आहे. 'प्रामाणिक परीक्षणाच्या बदल्यात मोफत प्रत मिळाली' असं लिहिलं तर बोहारणीशी सौदा केल्यासारखं वाटतं. तयार शब्द आहे का?

कोशकिडा: 'अभिप्रायार्थ प्रत' आहे की. मासिकं 'परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात' असं छापत आली आहेत. एक परीक्षकाला, एक कार्यालयात. परीक्षण झालं नाही तर 'साभार पोच' या यादीत नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. पोच म्हणजे पुस्तक हाती आलं एवढंच; कुणी वाचलं असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

तिरकस: 'अभिप्रायार्थ' वाचून प्रत फुकट मिळाली हे आजच्या वाचकाला कळत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३च्या मार्गदर्शनात न मागता आलेली फुकट वस्तूसुद्धा हितसंबंधात धरली आहे. खुलासा ठळक हवा, हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेला चालत नाही. व्हिडिओ असेल तर ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे २०२१चे नियम बघा: १५ सेकंदांपर्यंत किमान ३ सेकंद, त्यापुढे २ मिनिटांपर्यंत एक तृतीयांश वेळ लेबल दिसलं पाहिजे.

खिळेजुळारी: 'प्रामाणिक' काढा. मुळात ते 'प्रमाण'वरून आलंय, म्हणजे आधार असलेलं. आधार दाखवा, विशेषण नको. 'प्रत प्रकाशकाने विनामूल्य दिली. मजकूर त्यांना आधी दाखवलेला नाही.' लेखक ओळखीचा असेल तर तेही. पुस्तक अर्धंच वाचलं असेल तर कुठवर, ते लिहा. आणि प्रत मुद्रितशोधनाआधीची असेल तर त्यातलं उद्धृत छापील प्रतीशी ताडल्याशिवाय देऊ नका. वाक्यं बदलतात, पृष्ठक्रमांक तर हमखास.

शुद्धमती: सगळे सर्रास 'शिफारस' म्हणतात. फारसी कशाला? 'अनुशंसा' म्हणा.

तिरकस: अनुशंसा हिंदी सरकारी कागदावरची. इकडे आयोगसुद्धा 'शिफारशी'च करतात. फारसी शब्द हाकलायला निघालात तर 'कागद'ही जाईल, मग लिहिणार कशावर?

कोशकिडा: 'शिफारस' आणि 'सुचवणे' एक नव्हे. सुचवणारा बाजूला होतो, शिफारस करणारा अडकतो. म्हणून न वाचलेलं पुस्तक फार तर सुचवता येईल, तेही 'वाचलेलं नाही' असं सांगून. शिफारस करायची तर कुणाला आवडेल आणि कुणाला नाही, ही दोन वाक्यं हवीतच. शिफारशीत ओळखीपाळखीची छटा आली की तिचा 'वशिला' होतो.

खिळेजुळारी: सगळ्यात फसवी ती पाठराखण, म्हणजे मलपृष्ठावरचा स्तुतीचा मजकूर. परीक्षणात असतं, 'भाषा ओघवती आहे, पण शेवट फसला.' मलपृष्ठावर येतं, 'भाषा ओघवती आहे…' तीन टिंबं दिसली की मूळ परीक्षण शोधावं.

शुद्धमती: पाठराखण हा शब्द चांगला आहे. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण.

तिरकस: म्हणजे नवरीकडचीच! तिला विचारून सोयरीक कोण ठरवतं?

पानवाचक: मग ओळीत 'विनामूल्य' की 'भेट'?

कोशकिडा: 'विनामूल्य'. 'भेट' म्हटलं की पाठवणाऱ्याचा हेतू झाकला जातो.

शुद्धमती: 'भेटप्रत' रूढ आहे.

खिळेजुळारी: रूढ आहे, पण लेखकाने स्नेह्यांना दिलेल्या प्रतीसाठी.

शुद्धमती: बरं, वर 'शिफारशी' लिहिलंय. 'शिफारस'मध्ये शेवटी स आहे, मग 'शिफारसी' नको का?

कोशकिडा: म्हैस–म्हशी. पुढे ईकार आला की स चा श होतो.

तिरकस: मग 'पैसा–पैशाचा'चं काय? तिथे ई कुठे आहे?

कोशकिडा: तिथे य होता. 'पैश्याचा' असंही लिहीत.

शुद्धमती: आणि 'नोटीस'? कुणी 'नोटिशीला उत्तर' लिहितं, कुणी 'नोटिसीला'.

खिळेजुळारी: नोटिशीला. 'बस'ला मात्र हा नियम लावू नका, भलतीच 'बशी' हातात येईल.