तीन हजारांची लाच आणि मानवी हक्क: संबंध काय?

रावेरचा केळीवाला: वडील गेले. सातबाऱ्यावर आईचं नाव लावायला चार चकरा झाल्या, पाचव्यांदा 'चहापाण्याचे' तीन हजार मागितले. चहा आहे की बासुंदी? नाव लागल्याशिवाय पीककर्ज नाही. मुलगी म्हणते, संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार आहे, हा मानवी हक्कांचा प्रश्न. आमच्या फेरफाराला तो करार काय कामाचा?

धुळे कोर्टातला: भाऊ, थेट नाही, पण कामाचा आहे. करार २००३ चा, भारताने २०११ मध्ये मंजूर केला. त्याच्याशी जुळवून घ्यायला २०१८ मध्ये आपला लाचविरोधी कायदा बदलला. आता देणाराही गुन्हेगार. बळजबरीने द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवायचं. तुम्ही देण्याआधीच १०६४ लावा, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची हेल्पलाइन आहे.

शहाद्याची ताई: करारात हक्कांची यादी नाही. पण रेशन, दाखला, दवाखाना पैशावर अडला की ज्याच्याकडे पैसा नाही त्याचाच हक्क जातो. आमच्या पाड्यांवर रोज बघते.

रावेरचा केळीवाला: आई म्हणते, देऊन टाक भो, कटकट नको. पण तिनेच पाचही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात, दुधाच्या हिशेबाशेजारी. सोमवारी ते पान घेऊन जळगावला तक्रार द्यायला जातो.