बहिणीचं रुखवत घरीच करायचंय, बेकिंगचं काय काय ठेवता येईल?

पिठीसाखर
नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, कार्यालय सांगलीत आणि आम्ही सगळे पुण्यात. बाकी सगळं ठरलंय, फक्त रुखवतावर अडलंय. भाड्याने रुखवत मिळतं म्हणे, ते लोक येऊन मांडून देतात आणि सीमांतपूजन, लग्न आटोपलं की उचलून नेतात. आई म्हणते तेच घ्या, एवढ्या धावपळीत आता कोण करत बसणार. मला ते अजिबात पटत नाहीये, कारण आत्याच्या लग्नात आजीने केलेलं मण्यांचं तोरण आजही आत्याच्या दारावर लटकतंय, भाड्याच्या रुखवतातलं मागे काय राहणार आहे?

मला विणकाम येत नाही पण बेकिंग बऱ्यापैकी येतं, घरी ओटीजी आहे, नानकटाई आणि बिस्किटं नेहमी होतात. बहीण क्रोशे करते, आई शिवणात पक्की आहे. तर फ्रीजशिवाय आठवडाभर टिकेल, गाडीतून सांगलीपर्यंत न मोडता जाईल आणि टेबलावर बघायलाही छान दिसेल असं बेक केलेलं काय करू? सप्तपदीची पावलं बिस्किटांची केली तर कशी वाटतील? आणि घरात सातवी-आठवीतली दोन मुलं आहेत, त्यांच्या हाताला काय काम देता येईल?

चुलीवरची_भट्टी
क्रीमचा केक पहिला डोक्यातून काढ, सकाळपासून उघड्यावर ठेवला की दुपारच्या पंगतीपर्यंत त्याचं काही खरं नाही. रुखवतात कोरडंच ठेवायचं, नानकटाई, खारी बिस्किटं, शंकरपाळे, हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात आरामात आठवडाभर राहतं.

शोभेसाठी माझं मत विचारशील तर बिस्किटांचं तुळशी वृंदावन कर. बंगला सगळेच करतात. वृंदावनाला चार सारख्या भिंती, खाली एक रुंद चौथरा आणि वर छोटी चौकट, एवढंच लागतं. पीठ मात्र नानकटाईचं चालणार नाही, ते ठिसूळ, उभं राहत नाही. साधारण 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम पिठीसाखर, 120 ग्रॅम लोणी आणि पीठ गोळा होईल इतपत थंड दूध, वेलची घाल हवी तर, पण सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात नको, त्याने बिस्किट फुगतं, पसरतं आणि कडा गोल होतात मग भिंती जुळत नाहीत. बटर पेपरवर अर्धा सेंटीमीटर जाड लाट, कागदाचा साचा ठेवून सुरीने काप आणि कापलेले तुकडे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच 170 ला भाज, कडा बदामी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर गरम असतानाच परत तोच साचा ठेवून कडा सरळ करून घ्यायच्या, ही पायरी कधीच सोडू नकोस, थंड झालं की सुरी लावली की तुकडाच पडतो.

चिकटवायला कढईत कोरडी साखर वितळवून तांबूस कर आणि भिंतीची कड त्यात बुडवून लगेच जोड, चार-पाच सेकंदात घट्ट बसतं. हे मुलांना देऊ नकोस, साखर भयंकर गरम असते. मुलांना नक्षी दे. पिठीसाखर चाळून त्यात लिंबाचा रस आणि थेंब थेंब पाणी, दूध नको, टूथपेस्टइतकं घट्ट व्हायला हवं, मग बटर पेपरचा कोन करून भिंतींवर स्वस्तिक, गोपद्म, काय हवं ते काढू दे. भिंती आडव्या असतानाच नक्षी काढून रात्रभर वाळवायची, जोडणी दुसऱ्या दिवशी. आणि वृंदावनात तुळस खरी लाव, छोट्या वाटीत मातीसकट.

सुईदोरा
ताई, बिस्किटांचं तू बघतेच आहेस, मी हातकामाचं सांगते. बहीण क्रोशे करते ना, तर तिला मोठं तोरण हातात घेऊ देऊ नका, खरेदी, पार्लर, ऑफिस यात ते अर्धवट राहतं आणि शेवटच्या आठवड्यात रडारड होते. त्यापेक्षा तांब्या-भांड्यावर, ताटांवर झाकायचे गोल जाळीचे रुमाल करा, सुती दोऱ्याचे, कडेला मणी ओवून. मण्यांच्या वजनाने रुमाल छान खाली पडतो आणि पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही. एक रुमाल दोन-तीन संध्याकाळींत होतो, पाच झाले तरी पुरे.

आईंना सांगा, आजीचं जुनं लुगडं असेल तर त्याचे काठ उसवून घ्या. टेबलाच्या पुढच्या बाजूला झालर म्हणून लावलं की सगळ्या मांडणीला एकदम अंग येतं. मुलांना सुपाऱ्या द्या, भटजी, नवरा-नवरी, वाजंत्रीवाले. सुपारीला भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका, बुडाला कागदी पुठ्ठ्याची चकती चिकटवा, धोतर-फेटा कापडाच्या चिंध्यांचा आणि डोळे काळ्या पेनाने. थर्माकोल आणू नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, पुठ्ठ्यावर खळ लावून कापड चिकटवलं की तेवढंच मजबूत होतं.

आज्जीचा_पाट
पावलांबद्दल. नवरीची पावलं म्हणून मांडायची आणि मग तीच मोडून खायची, हे आमच्याकडच्या थोरल्या बायकांना तरी रुचलं नसतं. पावलं रांगोळीची काढ आणि प्रत्येक पावलापुढे विड्याच्या पानाच्या आकाराचं एक बिस्किट ठेव. सात पावलं म्हणजे अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवं सख्य, त्या त्या पानावर तसं चित्र काढता येईल. अन्नाला ओंबी, ऋतूंना आंब्याचा मोहोर नाहीतर पावसाची सर. सख्याच्या पानावर काय काढायचं ते नवरीनेच ठरवावं, ते पान तिलाच रंगवू दे.

कृष्णाकाठ
वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या घरी रुखवत म्हणजे मुलीच्या हातची परीक्षा असायची, सासरकडच्या बायका येऊन उलटंपालटं करून बघायच्या, आणि पुढे पुढे त्यात भांडी, मिक्सर, फ्रीजसुद्धा मांडायला लागले. बहिणीच्या लग्नात मी ते टेबलच नको म्हणालो होतो. तुम्ही हौसेने करताय तर जरूर करा, फक्त त्यात वस्तूंचं प्रदर्शन नको आणि सगळं नवरीच्या डोक्यावर नको.

पिठीसाखर
@कृष्णाकाठ दादा, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. भांडीकुंडी काही ठेवणार नाही हे आधीच ठरलंय. आणि मुलाकडच्यांना विचारलं तर त्याची आईच म्हणाली की आमच्याकडून पण काहीतरी घ्या, तिला कागदाची फुलं उत्तम येतात. म्हणजे एकाच टेबलावर दोन्ही घरांचं. वृंदावन नक्की! पानांची कल्पना बहिणीला वाचून दाखवली तर ती सातवं पान घेऊन बसलीये, काय काढणार ते सांगत नाहीये. 😊

आता एकच शंका, वृंदावन इथून जोडून नेऊ का तिकडे जाऊन जोडू?

चुलीवरची_भट्टी
तिकडे जाऊन. भिंती सुट्या ने, प्रत्येकीच्या मध्ये बटर पेपर, खाली-वर जुना टॉवेल, स्टीलच्या चपट्या डब्यात हलणार नाहीत अशा गच्च बसव. दोन भिंती जास्तीच्या भाजून ठेव. डबा डिकीत नको, कोणाच्या तरी मांडीवर. कार्यालयात गॅस मिळेल का ते आधी फोन करून विचार, नाहीतर छोटी इंडक्शन आणि इंडक्शनवर चालेल असं भांडं बरोबर घे. जोडणी आदल्या रात्री कर आणि वरून मोठं पातेलं उपडं घालून ठेव, कार्यालयात मुंग्या हमखास असतात, तेव्हा टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.