आचारसंहितेतल्या नियमांचं समर्थन: एथिक्स की मोरॅलिटी?

चौकस: निबंधस्पर्धा घेणाऱ्या मंडळाची आचारसंहिता लिहायची आहे, प्रत्येक नियमापुढे एका ओळीत कारण हवं. अडलेले नियम तीन: परीक्षकाने नातेवाइकाचा निबंध तपासू नये, सभासदाने कामाचं मानधन घेऊ नये, निबंध एका पानात असावा. सगळ्यांपुढे ‘नैतिकदृष्ट्या आवश्यक’ लिहिलं की वाद पेटतो. एथिक्स आणि मोरॅलिटी यांत खरंच फरक आहे, की नुसता शब्दच्छल?

शब्दपारखी: व्युत्पत्तीत शोधू नका. ग्रीक ‘ईथिकोस’ला लॅटिन प्रतिशब्द म्हणून रोमन वक्ता सिसेरोने ‘मोरालिस’ घडवला, म्हणजे मुळात अर्थ एकच. फरक पुढे तत्त्वज्ञांनी पाडला आणि तोही ज्याने त्याने आपापल्या परीने. हेगेलचा वेगळा, बर्नार्ड विल्यम्सचा (१९८५) वेगळा. मराठीत तर दोन्हीला सर्रास ‘नैतिक’च म्हणतात, निम्मा घोळ तिथेच होतो.

तिरपा तर्क: तुमच्या कामाला जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासची विभागणी बरी. ‘आपल्याला कसं जगायचंय, आपण कोण’ यावर टेकलेलं कारण एथिकल. ‘ज्यांना ज्यांना झळ पोचेल त्या सर्वांना मान्य होईल का’ यावर टेकलेलं मोरल. निव्वळ सोयीचं ते व्यावहारिक. कारण लिहा आणि त्यातून ‘आपलं मंडळ’, ‘आपली परंपरा’ खोडा. नातेवाइकाचा नियम तरीही उभा राहतो, कारण हरलेला स्पर्धकही तो मागेल. मानधनाचा कोसळतो: ‘आपण सेवाभावी आहोत’ एवढाच त्याला आधार. तो सभासदांपुरता ठीक, बाहेरून बोलावलेल्या परीक्षकावर लादू नका. एका पानाला ‘तपासायला वेळ कमी’ पुरे. तिथे नीतीचा आव आणला तर खऱ्या नैतिक नियमांचंही वजन जातं.

चौकस: आणि ‘पुतण्याचा निबंध असला तरी मी निःपक्षपातीच तपासेन’ म्हणणाऱ्याला?

तिरपा तर्क: तो कदाचित खरंही बोलत असेल. पण अमेरिकी तत्त्वज्ञ रॉल्सने १९५५च्या लेखात दाखवलंय, की प्रथेचं, म्हणजे नियमांनी बांधलेल्या पद्धतीचं, समर्थन वेगळं आणि प्रथेच्या आतल्या एका कृतीचं वेगळं. नियम आहे तोच मुळी प्रत्येकाचा निःपक्षपातीपणा तपासत बसावं लागू नये म्हणून. अपवाद हवा असेल तर तो मसुद्यातच घाला, ऐनवेळी नाही.

शब्दपारखी: मानधनाबद्दल एक राहिलं. ज्याला फुकट काम परवडत नाही तो या नियमाने आपोआप बाहेर पडतो, आणि हा आक्षेप मोरल आहे. हाबरमासच्या मांडणीत अशा वेळी एथिकल कारण मागे सरतं. निदान प्रवासखर्च तरी या बंदीतून वगळा.