गिगाबिट राउटर, गिगाबिट कार्ड, तरी वेग ९४ वरच का अडकतो?

संथगोगलगाय (प्रश्न)
कनेक्शन ३०० एमबीपीएसचं आहे. राउटरला छोट्या पॅच कॉर्डने लॅपटॉप जोडला तर स्पीड टेस्ट २९० च्या आसपास दाखवते. पण भिंतीतून नेलेल्या केबलवर दुसऱ्या खोलीतला डेस्कटॉप जोडला की आकडा ९३-९४ ला येतो आणि तिथेच चिकटतो. वेळ बदला, सर्व्हर बदला, काही फरक नाही. मोठी फाइल उतरवताना सेकंदाला साडेअकरा एमबीच्या वर जात नाही. केबलवर कॅट-५ई (तिचा दर्जा) छापलंय, लांबी साधारण २५ मीटर. दोन्ही टोकांची पोर्टं गिगाबिट आहेत. कॅट-६ टाकायची तर भिंत फोडावी लागेल. त्याशिवाय इलाज नाही का? कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग १ गिगाबिटवर पक्का करून ठेवला तर?

पॅकेटमोज्या
भिंतीला हात लावू नका. ९४ या आकड्यातच निदान आहे: लिंक, म्हणजे दोन पोर्टांमधली जोडणी, गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० एमबीपीएसवर बसली आहे.

हिशोब असा. डेटा तारेवरून फ्रेम नावाच्या पुडक्यांतून जातो. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. त्यातून पत्ता आणि पोच सांभाळणाऱ्या नोंदींचे, म्हणजे आयपीचे २० आणि टीसीपीचे २०, वजा केले की तुमच्या कामाचे उरतात १४६०. तारेवर मात्र त्याच फ्रेमला १५३८ बाइटांची जागा लागते, कारण १४ चं हेडर, ४ चं सीआरसी (चूक पकडणारा आकडा), ८ चा प्रीअँबल (सुरुवातीची इशारत) आणि पुढच्या फ्रेमपर्यंत १२ बाइटांएवढी शांतता. १४६० भागिले १५३८ म्हणजे ०.९४९. त्यामुळे १०० च्या लिंकवर ९४.९ हे छत. आठाने भागा, ११.९ एमबी येतील. तुमचे साडेअकरा त्याच्या खालोखाल. सर्व्हर मंद असता किंवा लाइनवर गर्दी असती तर आकडा वरखाली झाला असता. इतका सपाट राहतो तेव्हा संशय लिंकवरच घ्यायचा.

खात्री करायची तर विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड पाहा, लिनक्सवर ईथटूल ही कमांड चालवा. १००/१०० दिसेल.

आठतारा
वरचं निदान बरोबर, आता कारण. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही, म्हणजे ४-५ आणि ७-८ सुद्धा. घोळ असा की दोन पोर्टं आपसात वेग ठरवतात ते संदेश पहिल्या दोन जोड्यांवरूनच जातात. म्हणून दोघं खुशाल गिगाबिट ठरवतात, मग उरलेल्या जोड्या सापडत नाहीत. काही कार्डं मुकाट १०० वर उतरतात. ज्यांना ते जमत नाही त्यांची लिंक दर काही सेकंदांनी जाते-येते. तुमचं कार्ड पहिल्या जातीचं दिसतंय.

कॅट-५ई १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, त्यामुळे २५ मीटरला केबलची जात आड येत नाही.

सेटिंगमध्ये वेग पक्का करण्याच्या भानगडीत पडू नका. तांब्याच्या तारेवर गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन (पोर्टांनी आपसात वेग ठरवणं) लागतंच, आणि तुटलेली जोडी सेटिंगने जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे एका बाजूला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) पक्कं आणि दुसरी ऑटोवर. ऑटोवाल्या बाजूला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ती हाफ (एका वेळी एकच दिशा) धरते. पिंग व्यवस्थित चालतो, मोठी फाइल मात्र रडतखडत जाते.

सॉकेटची पुढची प्लेट काढा आणि निळी व तपकिरी जोडी कुठे गेली आहे ते पाहा. राउटरच्या टोकालाही तेच.

संथगोगलगाय
लिंक १००/१०० च आहे. सॉकेट उघडला. नारिंगी, हिरवी, तपकिरी जोडी बसवलेली आहे. निळी मागे वळवून टेपने बांधली आहे. राउटरकडच्या प्लगमध्ये सहाच तारा. तिथेही निळी जोडी आवरणातून बाहेर काढून शेजारच्या टेलिफोनच्या डबीत नेली आहे. तो फोन आता कोणी वापरत नाही.

आठतारा
सापडला चोर. एकाच केबलमधून नेट आणि फोन दोन्ही न्यायची ही जुनी काटकसर. १०० च्या जमान्यात खपून जायची.

निळ्या जोडीला हात लावण्याआधी डबीत मल्टीमीटर लावा. फोन वापरात नसला तरी लाइन जिवंत असू शकते: साधारण ४८ व्होल्ट डीसी, आणि घंटी वाजताना वर ९० व्होल्टच्या आसपास एसी. ही जोडी तशीच प्लगमध्ये घातली तर पोर्ट जाऊ शकतं. आधी डबीतून जोडी सोडवा, मोकळ्या तारांवर शून्य आल्याची खात्री करा, मग पुढे.

नुसती निळी जोडी जुन्या प्लगमध्ये घुसवता येणार नाही. दोन्ही टोकं कापून नव्याने करा. ५६८-बी या ठरलेल्या रंगक्रमाने, प्लगची खिटी खाली, पिना वर आणि तारा घालायचं तोंड आपल्याकडे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सॉकेटवर ए आणि बी असे दोन रंगपट्टे छापलेले असतात, तिथेही बी च धरा. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. आवरण प्लगच्या आत, दाबपट्टीखाली गेलंच पाहिजे. नाहीतर सगळा ताण तारांवर येतो आणि काही महिन्यांत एखादी सुटते. भिंतीतली केबल एकसंध तारेची असते, तेव्हा प्लगही तिला चालणारा घ्या.

मल्टीमीटरवाली
एक भर. केबल तपासणाऱ्या आठ दिव्यांच्या टेस्टरवर आंधळा विश्वास नको. कोणी दोन्ही टोकांना रंग नुसते जोडीजोडीने ओळीत लावले (१-२, ३-४, ५-६, ७-८) तर आठही दिवे क्रमाने लागतात. पण पिन ३ आणि ६ वर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. पीळ असतो तो याच्यासाठीच, की एका जोडीचा गोंगाट दुसरीत शिरू नये. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, कोण कोणाशी पिळलंय ते नाही.

तार सोलताना ब्लेडने जरा खरवडून पाहा. आतून रुपेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. रोध जास्त, वाकवली की तुटते. २५ मीटरला गिगाबिट बहुधा चालेल, पण त्यावरून पीओईचा (नेटच्या केबलवरूनच वीज घेणारा) कॅमेरा चालवू नका.

संथगोगलगाय
डबीत ४९ व्होल्ट होते! जोडी सोडवली, दोन्ही टोकं नव्याने केली. तार आतूनही लालच आहे. लिंक १०००/१०००, स्पीड टेस्ट २९१. घरातल्या घरात आयपर्फ (दोन संगणकांमधला वेग मोजणारं साधन) चालवलं तर ९४१. हे ९४९ का नाही?

पॅकेटमोज्या
टीसीपीचा टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) चालू आहे, तो प्रत्येक फ्रेममधले १२ बाइट खातो. १४४८ भागिले १५३८ करून पाहा. आता कार्डाचे सीआरसी एररचे आकडे पाहा आणि आयपर्फ दहा मिनिटं चालू ठेवा. तेवढ्यात आकडा शून्यावरून हलला तर एखादं टोक नीट दाबलेलं नाही.