मदत हवी: मॅगीची केस परत आली, उद्या सकाळी द्यायची आहे

साखळीकर_एमबीए
एमबीएच्या वर्गात मॅगीची केस स्टडी आहे. स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) केला, पोर्टर (स्पर्धक, पुरवठादार वगैरे पाच ताकदी) केला, तरी सरांनी 'यात विश्लेषण कुठे आहे?' असा शेरा मारून परत दिली. शिफारस काय लिहू? लवकर सांगा, थिअरी नको.

म्हापसेकर
केस कुठल्या तारखेला थांबते? निर्णय कोणी घ्यायचाय? पानं किती?

साखळीकर_एमबीए
मॅगीवरच्या बंदीचीच हो, २०१५ ची. नेस्लेने काय करावं असं विचारलंय.

म्हापसेकर
ते कळलं रे, तारीख सांग. ४ जूनच्या रात्री प्रश्न असतो, माल आपणहून परत बोलवायचा का. ५ जूनला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा बंदीचा आदेश हातात पडतो, मग कोर्टात जायचं का. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालय बंदी उठवतं, पण तीन प्रयोगशाळांत सहा आठवड्यांत नव्याने तपासणी करायला सांगतं, तेव्हा प्रश्न उरतो दुकानात परतायचं कसं. तिन्हींची उत्तरं वेगळी. आणि केसच्या तारखेनंतर काय झालं ते उत्तरात आणलंस की गुण गेले म्हणून समज.

डिचोलीकर
पोर्टर काढू नकोस हां. यिप्पी नूडल्स टपून बसलंय, स्पर्धा दाखवायलाच हवी.

म्हापसेकर
एका ओळीत दाखव. पोर्टर धंद्यात एकूण नफा कुठे मुरतो ते सांगतो. कपाट रिकामं असताना पुरवठादारांची ताकद मोजून काय मिळणार?

डिचोलीकर
बरं, पण शिसं आणि एमएसजी (चव वाढवणारं ग्लुटामेटचं मीठ) यांची खिचडी करू नकोस. शिशाचा वाद आकड्याचा: मर्यादा २.५ पीपीएम (दहा लाखांत अडीच भाग), उत्तर प्रदेशातल्या नमुन्यात १७.२ निघाले. तिथे भांडण प्रयोगशाळेच्या मान्यतेवर गेलं. एमएसजीचा वाद पाकिटावरच्या 'नो ॲडेड एमएसजी' या ओळीचा. वरून घातलं नाही तरी शेंगदाण्याचं प्रथिन, कांद्याची पूड, गव्हाचं पीठ यांतून ग्लुटामेट येतंच, आणि चाचणीला घातलेलं कुठलं नि आलेलं कुठलं ते कळत नाही. म्हणजे शिशासाठी अहवाल हवा, एमएसजीसाठी पाकीट बदलायला हवं. शिफारशीत दोन्ही वेगळी मांड.

काजूबोंडू
मॅगी कसली घेऊन बसलात? काजू फेणीवर लिहा. २००९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही, आणि दर राज्याचं अबकारी खातं वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी. मार्केटिंगचं खरं आव्हान ते!

डिचोलीकर
बाब, त्याला उद्या द्यायचंय.

कागदी_घोडा
फॉन्ट १२, ओळींत दीड अंतर, परिशिष्टं शेवटी. पानांचे क्रमांक विसरू नका.

साखळीकर_एमबीए
केस १३ ऑगस्टच्या निकालावर संपते. निर्णय नव्या सीईओचा. तीन पानं.

म्हापसेकर
हे आधी बोलला असतास तर! मग सुरुवात एका वाक्यात कर: अहवाल येईपर्यंतच्या सहा आठवड्यांत सीईओने कशाची तयारी करायची. पर्याय तीन घे: जुन्याच पाकिटात देशभर एकदम, 'नो ॲडेड एमएसजी'ची ओळ काढून देशभर, ती ओळ काढून आधी थोड्या राज्यांत. दोन पर्याय मुद्दाम लुळे ठेवून तिसरा जिंकवायचा, ही खोड सरांना लगेच दिसते. पारख कशावर? वितरकाचे अडकलेले पैसे, पुन्हा खटल्याचा धोका, आईचा विश्वास. विश्वासाला आकडा नसेल तर ओढूनताणून देऊ नकोस. शेवटचं अर्धं पान फक्त पहिल्या पंधरवड्याचं: कोण, काय, किती खर्चात. स्वॉट पूर्ण काढ.

डिचोलीकर
आमच्या डिचोलीच्या कारखान्यात ऑक्टोबरात उत्पादन परत सुरू झालं, ते घाल की. गोव्याचा संदर्भ येईल.

म्हापसेकर
ऑक्टोबर १३ ऑगस्टच्या आधी येतो का?

साखळीकर_एमबीए
देव बरें करूं. पण खर्च कुठून काढू? परिशिष्टात जून तिमाहीचा ६४ कोटींचा तोटा तेवढा दिलाय.

म्हापसेकर
त्याच तक्त्यात माल परत घेण्याचा खर्च 'अपवादात्मक बाबी' म्हणून वेगळा दाखवलाय का बघ. तो बाजूला केल्याशिवाय त्या ६४ वरून काहीच काढता येणार नाही. तक्त्याचा फोटो टाक.