इंग्लिश पार्ट्स ऑफ स्पीच: एकच शब्द कधी अ‍ॅडजेक्टिव्ह कधी व्हर्ब, मुलीला समजावू कसं?

वेंगुर्ल्याची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिश, आमच्या वाडीत जवळपास क्लास नाही म्हणून अभ्यास मीच घेते. मराठीतल्या शब्दांच्या आठही जाती तिला चोख येतात आणि इंग्लिशमध्येही आठच म्हटल्यावर मला वाटलं नाउन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, झालं काम. पण वाक्यातल्या शब्दाखाली रेघ मारून विचारलं की अडते. 'ड्राय' अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणून पाठ केलाय आणि वाक्य येतं 'ड्राय द नेट', तिथे उत्तर व्हर्ब. 'फास्ट' एकदा अ‍ॅडजेक्टिव्ह, एकदा अ‍ॅडव्हर्ब. त्यात 'माय' एका गाईडमध्ये प्रोनाउन आणि दुसऱ्यात अ‍ॅडजेक्टिव्ह दिलाय, मग पोरीने लिहायचं काय? शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ का?

रत्नागिरीचा_मास्तर
ताई, याद्या अजिबात नकोत. मराठीत प्रत्ययावरून बरंचसं कळतं, जाळं, जाळ्यात, सुकवलं, सुकवतो, शब्द पुढेमागे केले तरी 'पोराने जाळं सुकवलं' आणि 'जाळं सुकवलं पोराने' यात अर्थ तोच राहतो. जुन्या इंग्लिशमध्येही नामांना विभक्ती होत्या पण त्या जवळजवळ सगळ्या गळून गेल्या, आता नामाला आणि क्रियापदाला एस, ईडी, आयएनजी असं थोडंसंच लागतं, म्हणून शब्द वाक्यात कुठे बसलाय आणि काय काम करतोय यावरून जात ठरते. नुसता 'ड्राय' कुठल्या जातीचा हा प्रश्नच अर्धवट आहे, आख्खं वाक्य पाहिजे.

तिला शब्द हलवून बघायला शिकवा. 'दे ड्राय द नेट', इथे काळ बदला, 'दे ड्राइड द नेट' झालं म्हणजे व्हर्ब. 'द नेट इज ड्राय', इथे मागे 'व्हेरी' लावा, 'व्हेरी ड्राय' बरोबर बसतं आणि जाळं कसं आहे ते सांगतं म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह. आता 'फिश' घ्या. 'दे फिश नियर द क्रीक' मध्ये 'फिश्ड' होतं म्हणून व्हर्ब, 'द फिश इज फ्रेश' मध्ये मागे 'द' आहे आणि वाक्याचा कर्ता आहे म्हणून नाउन. आणि 'फिश मार्केट' मध्ये मुलं हमखास अ‍ॅडजेक्टिव्ह लिहितात कारण पुढे नाम आहे, पण 'व्हेरी फिश मार्केट' कोणी म्हणत नाही, तिथेही तो नाउनच, फक्त दुसऱ्या नाउनच्या मागे बसलाय.

'फास्ट'चं तर मराठीत पण तसंच आहे की. 'छान गाणं' मध्ये छान विशेषण आणि 'छान गाते' मध्ये क्रियाविशेषण. तसंच 'अ फास्ट बोट' आणि 'द बोट गोज फास्ट'.

मालवणी_माणूस
ह्या बरा केलास, विचारलास ता. प्रेपोझिशनला पण मराठीच कामाला येते. 'तो खाली बसला' मध्ये खाली सुटा आहे म्हणून क्रियाविशेषण, 'तो माडाखाली बसला' मध्ये नामाला जोडून आलाय म्हणून शब्दयोगी. इंग्लिशमध्ये जोडून लिहित नाहीत आणि नामाच्या आधी येतं, एवढाच फरक. 'ही वेंट डाउन' अ‍ॅडव्हर्ब, 'ही वेंट डाउन द हिल' प्रेपोझिशन. पुढे नाम किंवा सर्वनाम धरलंय का तेवढं बघायचं.

देवगड_हापूस
'माय'बद्दल सांगतो. दोन्ही गाईडवाले आपापल्या जागी बरोबर आहेत, वर्गीकरण वेगळं धरलंय. 'माय बुक' मध्ये तो नामाच्या आधी येतो म्हणून शाळेच्या बऱ्याच पुस्तकांत पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणतात, काही जण 'आय, मी, माइन'च्या कुटुंबातला म्हणून प्रोनाउनमध्ये घालतात. 'धिस बुक इज माइन' मधला 'माइन' मात्र स्वतंत्र उभा आहे, तो प्रोनाउनच, त्यात वाद नाही. नव्या व्याकरणात तर अ, द, धिस, माय, सम यांचा डिटरमिनर म्हणून वेगळाच वर्ग करतात. परीक्षेला शाळेच्या पुस्तकात जे असेल ते लिहू दे, पण असं का ते तिला नक्की सांगा, नाहीतर पोरांना वाटतं आपलंच डोकं चालत नाही.

आठ हा आकडा काही सगळ्यांनी मानलेला नाही. आपल्याकडे यास्क या प्राचीन संस्कृत पंडिताने 'निरुक्त' ग्रंथात चारच सांगितल्या, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, आणि निपात म्हणजे 'च', 'वा' असे छोटे अव्यय शब्द. ग्रीक व्याकरणात आठ होत्या पण त्यात विशेषण वेगळं नव्हतं, नामातच धरायचे. आणि मराठी-इंग्लिशच्या जाती एवढ्या जुळतात कारण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण काढलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता.

वेंगुर्ल्याची_आई
खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच तिला 'आय वॉटर द प्लांट्स' दिलं तर स्वतःच 'वॉटर्ड' करून बघितलं आणि व्हर्ब म्हणाली! एकच राहिलं, शेवटी एलवाय असला की अ‍ॅडव्हर्ब हे धरून चालू ना?

रत्नागिरीचा_मास्तर
बहुतेक वेळा हो, पण डोळे झाकून नको. 'फ्रेंडली', 'लव्हली' हे अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत. 'हार्डली' अ‍ॅडव्हर्बच आहे पण अर्थ उलटा, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनत करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे काम जवळजवळ करतच नाही. आणि एक, स्मेल, टेस्ट, लुक, फील यांच्यापुढे चव, वास, रूप कसं आहे ते सांगायचं असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह येतं, 'द सोलकढी टेस्ट्स गुड', तिथे 'वेल' नाही, कारण 'गुड' हे सोलकढीबद्दल आहे. हे 'वेल'वालं पेपरात विचारतात, दोन-चार वाक्यं करून घ्या.