मदत हवी आहे: सीपॅप लावल्यावर पहाटे तोंडातून हवा सुटते

बाबांना (वय ६३) ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया (झोपेत घशातला श्वासमार्ग मिटून श्वास अडण्याचा आजार) आहे. तपासणीत एएचआय ३८ आला होता, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडणं किंवा उथळ होणं. ऑटो सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं, दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) सुरू केल्यापासून तो ५ च्या आत आहे. घोरणं थांबलं, दिवसा बसल्या बसल्या डुलक्याही लागत नाहीत. तेव्हा मशीनबद्दल तक्रार नाहीच.

अडचण पहाटेची. मास्क फक्त नाकाचा आहे. जबडा सैल पडला की नाकातून गेलेली हवा तोंडावाटे बाहेर पडते, घसा कोरडा होऊन जाग येते आणि वैतागून ते मास्क काढूनच ठेवतात. मशीनच्या रिपोर्टमध्येही गळती त्याच सुमारास वाढलेली दिसते.

ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा मशीनचा भाग) वाढवून थोडाच फरक पडला. हनुवटीच्या पट्ट्याने जबडा मिटतो, पण ओठांतून हवा निसटतेच. मास्कची गादी नवीन आहे, नाक चोंदलेलं नसतं (कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलंय). तोंडाला टेप लावणार नाही, कृपया सुचवू नका. प्रेशर ६ ते १४ वर आहे, ते डॉक्टरांशिवाय हलवणार नाही.

आता नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यायचा विचार आहे. पण त्याला प्रेशर जास्त लागू शकतं असं वाचलं. शिवाय बाबा कुशीवर झोपतात आणि मिशाही चांगल्या झुबकेदार आहेत, त्या काढणं अशक्य! ज्यांनी असा बदल केलाय त्यांची गळती खरंच थांबली का, एएचआय वाढला का, आणि कुशीवर वळल्यावर तो मास्क जागेवर राहतो का?